धुळीत गिरवलेली अक्षरे



जून महिन्यात शाळा उघडल्या, की पहिल्या पंधरवड्यातच शाळेच्या व्हरांड्यात एक देखावा हमखास पाहावयास मिळतो. पहिलीतल्या मुलाचा हात धरून त्याची आई किंवा वडील उभे असतात आणि गुरुजींना विचारीत असतात, "याला अजून अक्षरे कशी ओळखता येत नाहीत? शेजारच्या मुलाला तर सगळी येतात." मूल मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरीत असते. अशा वेळी उत्तर देण्याऐवजी मला त्या पालकांना थोडा इतिहास सांगावासा वाटतो. पण व्हरांड्यात उभे राहून इतिहास ऐकावयास सवड कोणाला? म्हणून यंदाच्या स्मरणिकेचा आश्रय घेतला आहे.

लहान मुलाला अक्षराची ओळख कशी करून द्यावी, हा प्रश्न आजकालचा नाही. गेली तेरा-चौदा शतके माणसाने त्यावर डोके चालविले आहे. त्या हकीकतीत युद्धकैदी आहेत, एक बादशहा आहे, एक स्कॉटिश पाद्री आहे, एक इटालियन डॉक्टरीण आहे आणि आठ वर्षांचा एक पोरगाही आहे. या सर्वांच्या अनुभवातून जे निघाले ते थोडक्यात असे, की अक्षर प्रथम बोटाला आणि कानाला कळते, डोळ्याला मागाहून. आणि धाक दाखविला तर ते कोणालाच कळत नाही.

हे मी केवळ पुस्तके वाचून सांगत नाही. माझा धाकटा भाऊ पहिलीतूनच शाळेतून उठला. त्याला 'घ' आणि 'ध' यांतला फरक कळत नसे. गुरुजी पाटीवर दोन्ही अक्षरे काढीत, विचारीत, आणि चुकला की पाटीची कड त्याच्या बोटांवर बसे. पुढे पुढे तो दोन्ही अक्षरांना काहीच म्हणेनासा झाला. त्याला 'मठ्ठ' ठरविण्यात आले. अब्बांनाही ते पटले आणि सातव्या वर्षी त्यांनी त्याला एका बेकरीत पाव बांधण्याच्या कामाला लावले. त्या गुरुजींचे वा शाळेचे नाव सांगण्यात आता काही अर्थ नाही. त्या काळी बहुतेक ठिकाणी असेच चाले. भावाची गोष्ट पुढे पुन्हा येईल, आधी मागे जाऊ या.

सीरतच्या ग्रंथांत एक प्रसंग येतो. हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इ. स. ६२४ मध्ये, बद्रच्या लढाईत मक्केचे काही लोक कैद झाले. ज्यांना सुटकेचा दंड भरता येत नव्हता पण लिहिता येत होते, त्यांनी मदिनेतील दहा दहा मुलांना लिहावयास शिकवावे आणि मोकळे व्हावे, असे ठरले. शिकविणारे कालपर्यंत तलवार घेऊन समोर उभे असलेले लोक होते, तरी त्यांच्या हाताखाली मुले बसविण्यास कोणी संकोच केला नाही. त्याच मदिनेत शिफा बिंते अब्दुल्ला या लिहिता येणाऱ्या बाई होत्या आणि त्यांनी हजरत हफ्सा यांना लेखन शिकविल्याचे हदीसमध्ये आले आहे. घरात आई मुलाला अक्षर शिकवू शकेल काय, अशी शंका जे घेतात त्यांच्यासाठी हा उल्लेख केला.

त्या काळची अरबी लिपी मात्र आजच्यासारखी नव्हती. बे, ते, से ही अक्षरे आज आपण नुक्त्यांवरून ओळखतो: एक खाली, दोन वर, तीन वर. त्या वेळी नुक्ते देण्याचा नियम नव्हता. ते अजिबात नव्हते असे नव्हे. इजिप्तमध्ये सापडलेल्या हिजरी २२ (इ. स. ६४३) मधील एका पपायरसावर काही अक्षरांना नुक्ते दिलेले दिसतात. पण द्यायचे की नाही हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर असे. ज्याची भाषाच अरबी होती त्याला संदर्भावरून शब्द लागे. पुढे इराक-इराणकडचे लोक कुरआन वाचू लागले, तेव्हा मोठी मोठी माणसे अडखळू लागली. परंपरा सांगते, की बसऱ्याचे अबुल अस्वद दुअली (मृत्यू सुमारे इ. स. ६८८) यांनी स्वर दाखविण्यासाठी वेगळ्या रंगाचे ठिपके योजले. त्यांच्यानंतर हज्जाज बिन यूसुफ इराकचा सुभेदार असताना नसर बिन आसिम आणि याह्या बिन यामर यांनी सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचे नुक्ते नियमाने बांधून दिले. जबर, जेर, पेश यांच्या आजच्या खुणा आठव्या शतकातील खलील बिन अहमद यांच्या नावे सांगतात.

पालकहो, यातली खुबी ध्यानात घ्या. बे आणि ते यांत तुमचा मुलगा घोटाळा करतो, तेव्हा तो ज्या ठिकाणी अडखळतो त्याच ठिकाणी एके काळी दाढीवाले विद्वानही अडखळले होते. त्यावर त्यांनी छडी काढली नाही, लिपी सुधारली.

छडीविषयी इब्न खल्दून यांचे मत येथेच सांगून टाकतो. ट्युनिसमध्ये १३३२ साली जन्मलेल्या या इतिहासकाराने १३७७ मध्ये आपला 'मुकद्दमा' लिहिला. त्यात त्याने विद्यार्थ्यांवरील, विशेषतः लहान मुलांवरील, सक्तीचे दुष्परिणाम सांगण्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण खर्ची घातले आहे. जबरदस्तीने वाढविलेले मूल आळशी होते, भीतीपोटी खोटे बोलू लागते आणि ती लबाडी पुढे त्याचा स्वभावच होऊन बसते, असे त्याचे म्हणणे आहे. हे त्याने साडेसहाशे वर्षांपूर्वी लिहिले. आमच्या गावी ते पोहोचावयास फार उशीर झाला.

आता बादशहाकडे येऊ.

आपल्या घरांत मूल चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे झाले की 'बिस्मिल्ला' करण्याची चाल आहे. नवे कपडे, मिठाई, मौलवीसाहेबांच्या समोर मांडी घालून बसलेले मूल, हे चित्र तुम्ही पाहिले असेल. नोव्हेंबर १५४७ मध्ये काबूल येथे हुमायूनने आपल्या शहजाद्यासाठी हाच समारंभ ठरविला. ज्योतिषांनी मुहूर्त काढला, उस्ताद मुल्ला असामुद्दीन इब्राहीम येऊन बसले, दरबार भरला, आणि ऐन मुहूर्तावर शहजादा कोठेच सापडेना. तो खेळावयास पळून गेला होता! अबुल फजलने 'अकबरनाम्या'त ही हकीकत दिली आहे. अर्थात त्याने तिलाही दैवी अर्थ चिकटविला आहे. दरबारी लेखक दुसरे काय करणार? या पहिल्या उस्तादांना कबुतरे उडविण्याचा नाद होता आणि त्यापायी त्यांना काढून दुसरे नेमावे लागले. तेही फारसे यशस्वी झाले नाहीत.

तो मुलगा म्हणजे अकबर. तो लिहावयास-वाचावयास शिकला नाही. त्याचा मुलगा जहांगीर याने आपल्या आत्मवृत्तात हे मोकळेपणाने सांगितले आहे, आणि विद्वानांच्या सहवासामुळे समोरच्याला ते कधी कळत नसे असेही जोडले आहे. अकबराच्या ग्रंथालयात हजारो हस्तलिखिते होती. रोज रात्री तो ती दुसऱ्याकडून वाचून घेई. हुशारी नव्हती असे तर कोणी म्हणणार नाही. काही अभ्यासकांना आज असे वाटते, की अक्षरे वाचणे-लिहिणे अवघड जाण्याचा जो दोष काही मुलांत जन्मतः असतो, तो त्याच्या ठायी असावा. चारशे वर्षांनंतर नाडी पाहणे कठीण. पण तर्क विचार करण्याजोगा आहे.

यापुढची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. ज्या माणसाला स्वतःला अक्षरांनी दगा दिला, त्यानेच अक्षरे कशी शिकवावीत याविषयी फर्मान काढले. 'आईन-ए-अकबरी'त त्याचे कलम आहे. त्याचा मतलब असा: हिंदुस्थानात मुलांची वर्षेच्या वर्षे सुट्या अक्षरांत आणि स्वरचिन्हांत फुकट जातात. त्याऐवजी मुलाने प्रथम अक्षर लिहावे, त्याची निरनिराळी वळणे गिरवावीत आणि आकार व नाव शिकावे. हे दोन दिवसांत व्हावे. मग जोडलेली अक्षरे, त्यास एक आठवडा. त्यानंतर थोडे गद्य, थोडे पद्य. मुलाने होईल तितके आपले आपण समजून घ्यावे, उस्तादाने किंचित हात द्यावा. मागचा धडा मात्र रोज पाहावा.

दोन दिवसांत सारी अक्षरे! बादशहाची फर्माने अशीच असायची. पहिलीच्या वर्गात कोणी सरकारी अधिकारी असे परिपत्रक घेऊन आला तर शिक्षक मनात हसतील. पण मुदत बाजूला ठेवून क्रम पाहा. आधी हाताने लिहिणे, मग आकार-नाव, मग लगेच जोडणी, आणि तेथून थेट अर्थाकडे. त्या काळच्या मक्तबात क्रम उलट होता. महिनोन् महिने अलिफपासून येपर्यंत घोकंपट्टी चाले, आणि घोकताना मुलाची नजर पाटीवर असे की खिडकीबाहेर, हे कोणी पाहत नसे. तुमचे मूल अलिफ, बे, पे धडाधड म्हणून दाखविते म्हणून निर्धास्त राहू नका. मधल्याच एखाद्या अक्षरावर बोट ठेवून विचारा. पुष्कळदा ते पहिल्यापासून गाणे म्हणत तेथवर येईल. गाणे पाठ असणे वेगळे.

हाताने गिरविणे आपल्या महाराष्ट्रातही नवे नव्हते. पंतोजींच्या शाळेत मूल आले की त्याच्यापुढे धूळपाटी येई. लाकडी फळीवर विटांची बारीक पूड किंवा धूळ पसरायची आणि बोटाने वा काडीने तीत अक्षर काढायचे. चुकले की पाटी हलवली, पुन्हा कोरी. आपण कोणत्याही कामाचा 'श्रीगणेशा' किंवा 'ओनामा' झाला म्हणतो, ते शब्द याच फळीवर पहिल्यांदा गिरविल्या जाणाऱ्या अक्षरांवरून आले. 'ओनामा' म्हणजे 'ॐ नमः सिद्धम्', बोबड्या तोंडांनी झिजवून झिजवून केलेला. आपल्या मक्तबांत तख्ती असे. तिला मुलतानी माती फासून वाळवीत, बोरूने तिच्यावर लिहीत, आणि धुऊन पुन्हा माती फासली की ती उद्याच्या धड्याला तयार. आमच्या दादीच्या माहेरी अशी एक तख्ती होती. तिची एक बाजू इतकी झिजली होती, की मधोमध खळगा पडला होता.

धूळपाटीचा नमुना परदेशी प्रवाशांच्या नजरेतूनही सुटला नाही. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी १६२३ साली कानडी मुलखातून जात होता. एका देवळाच्या ओसरीत त्याने लहान मुले पाहिली. ती जमिनीवर बारीक वाळू पसरून बोटाने तीत आकडे काढीत होती आणि काढता काढता सुरात म्हणत होती. जागा भरली की वाळू पुसून पुन्हा सुरुवात. मास्तर जवळ नव्हता, मुलेच एकमेकांची चूक काढीत होती. या पाहुण्याला त्याचे इतके नवल वाटले, की त्याने ते सविस्तर लिहून घरी कळविले.

त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी मद्रासमध्ये जे घडले त्याने मात्र विलायतेतल्या शाळा बदलल्या. अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री १७८९ पासून मद्रासच्या एग्मोर भागातील लष्करी अनाथ मुलांच्या आश्रमाचा मुख्य होता. अक्षरांच्या वर्गात मुले अडकून पडत आणि शिक्षक कपाळाला हात लावीत. एके दिवशी सकाळी घोड्यावरून रपेट करताना त्याला एक मलबारी शाळा दिसली. मुले जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरे काढीत होती. बेल तसाच माघारी वळला. त्याने आश्रमातल्या शिक्षकाला सांगितले, की उद्यापासून लहान वर्गाला वाळूत अक्षरे शिकवा. शिक्षकाने ते मनावर घेतले नाही; हे अशक्य आहे, असे सांगून तो मोकळा झाला. तेव्हा बेलने वरच्या वर्गातला एक मुलगा, साध्या शिपायाचा पोरगा जॉन फ्रिस्किन, वय वर्षे आठ, याला अक्षरांच्या वर्गाचा मास्तर केला. पगारी शिक्षकाला जे अशक्य वाटले ते या पोराने करून दाखविले.

बेलने १७९७ मध्ये लंडनला या प्रयोगावर पुस्तिका छापली. इंग्लंडात ही पद्धत 'मद्रास पद्धत' म्हणूनच नावाजली. जोसेफ लँकेस्टरच्या शाळांतही सर्वांत लहान मुलांसमोर वाळू पसरलेले बाक आले. आणि मौज पाहा, इंग्रजी अमलात आपल्याकडे नव्या शाळा निघाल्या तेव्हा हीच पद्धत 'विलायती सुधारणा' म्हणून मुंबईत उतरली. आमच्याच ओसरीतली धूळ आम्ही बोटीचे भाडे भरून परत आणविली. बेलच्या पद्धतीत मुलांना मुलांनी शिकविण्यावर पुढे पुढे फारच भर दिला गेला, शेकडो मुले एका मास्तराच्या गळ्यात बांधण्याची ती स्वस्त युक्ती झाली, आणि त्यामुळे तिचे नावही बिघडले. त्याचा दोष वाळूला देऊ नये.

आता रोमला जाऊ. डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांनी मंदबुद्धी समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी काम करताना लाकडी अक्षरे करून घेतली होती आणि ती मुलांना बोटांनी चाचपावयास दिली होती. ही मुले लिहू-वाचू लागली, तेव्हा बाईंना नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे: मग शहाणी म्हणविणारी मुले शाळेत इतकी मागे का? ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी आपले बालगृह उघडले. सहा वर्षांच्या आत अक्षरे शिकवू नयेत असाच त्यांचा विचार होता. पण वस्तीतल्या आया, ज्यांतील बहुतेकींना स्वतःला वाचता येत नव्हते, त्याच येऊन म्हणाल्या, की बाई, आमच्या मुलांना लिहावयास-वाचावयास शिकवा. लाकडी अक्षरे करवून घेण्याची सोय नव्हती. म्हणून खरखरीत काचकागदाची अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटविण्यात आली. मुलाने दोन बोटांनी त्यावरून लिहिण्याच्या दिशेने हात फिरवायचा आणि बाईंनी त्याच वेळी त्या अक्षराचा उच्चार करायचा. डिसेंबरमधल्या एका उन्हाच्या दिवशी गच्चीवर पाच वर्षांच्या एका मुलाला खडूने धुराडे काढावयास सांगितले. त्याने ते काढले, आणि मग आपले आपण शब्द लिहावयास सुरुवात केली. तेथून ते लोण सगळ्या मुलांत पसरले.

याच बाई १९३९ मध्ये मद्रासला अड्यार येथे आल्या, महायुद्धामुळे येथेच अडकल्या आणि १९४६ पर्यंत आपल्या देशात राहून त्यांनी शेकडो शिक्षक तयार केले. काचकागद आणि वाळू ही एकाच कुळातली, आणि दोन्हींचा मद्रासशी संबंध यावा हा योगायोग मला फार आवडतो.

मॉन्टेसरीचे साहित्य महाग, ते गरिबांना कोठून परवडणार, हा प्रश्न आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी सोडविला. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून आलेल्या ताराबाईंनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी येथे खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम आरंभिले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. बिया, शिंपले, पाने, गोटे, माती हे तेथले साहित्य. जी वारली मुले गुरे राखावयास जात, त्यांच्यामागे शाळाच कुरणात गेली. तिचे नावच 'कुरणशाळा'. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे त्यांनी करून दाखविले.

उर्दूच्या बाजूने मेरठचे मौलवी इस्माईल मेरठी (१८४४–१९१७) यांचे ऋण मानले पाहिजे. मुलांना कळेल अशा सोप्या भाषेत त्यांनी कायदे आणि वाचनमाला लिहिल्या, आणि आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांनी त्यांवरच उर्दू उचलली.

हा झाला इतिहास. आता आपल्या मुलांपुढील खास अडचण पाहू, कारण ती इतरांच्या मुलांपुढे नाही.

आपल्या मोहल्ल्यातले पाच-सहा वर्षांचे मूल सकाळी मौलवीसाहेबांकडे कायदा वाचते; तो नस्ख वळणात असतो. शाळेत उर्दूचे पुस्तक असते, ते नस्तालीक वळणात. तेच अक्षर, पण बसण्याची ढब निराळी. तेथेच त्याला मराठी म्हणजे देवनागरी येते, आणि इंग्रजीही आता पहिलीपासून आली आहे. दोन लिप्या उजवीकडून डावीकडे, दोन डावीकडून उजवीकडे. शिवाय उर्दूत अक्षरे उजवीकडून आणि आकडे डावीकडून! मोठ्या माणसाचेही डोके फिरावे असा हा मामला आहे.

त्यात प्रत्येक लिपीचा स्वतःचा चकवा असतो. उर्दूत बे, पे, ते, टे, से यांचे धड एकच, फरक फक्त डोक्यावरच्या किंवा पायाखालच्या खुणेचा. बे शब्दाच्या सुरुवातीला आला की त्याची नाव बुडते आणि नुसता एक दात व त्याखाली ठिपका उरतो. 'स'च्या आवाजाला से, सीन, स्वाद असे तिघे हक्कदार. शिवाय अक्षराचे नाव वेगळे आणि आवाज वेगळा. काफ, लाम, मीम ही नावे भराभर म्हटली तरी त्यांतून 'कलम' निघत नाही. देवनागरीत ही अडचण नाही, 'क'चे नावच 'क'. तिची वर्णमाला कंठ, तालू, ओठ अशा उच्चाराच्या जागांप्रमाणे लावलेली आहे, कानाला ती उत्तम. पण डोळ्याला घ-ध, भ-म, थ-य, ब-व, ट-ढ या जोड्या छळतात. वेलांटीचेही पाहा: 'कि' म्हणताना 'क' आधी, लिहिताना मात्र पहिली वेलांटी आधी उभी.

आणखी एक गोष्ट पालकांना घाबरविते. मूल अक्षर आरशातल्यासारखे उलटे काढते. सहा-सात वर्षांपर्यंत हे पुष्कळ मुले करतात. कपाचा कान उजवीकडे असो की डावीकडे, कप तो कपच, असे जगाने मुलाला आजवर शिकविलेले असते. अक्षराच्या बाबतीत प्रथमच त्याला सांगितले जाते, की तोंड फिरले म्हणजे वस्तू बदलली. ही नवी सवय लागावयास वेळ लागतो. आठव्या-नवव्या वर्षीही सारखे तेच होत असेल तर जाणत्या माणसाला दाखवावे. त्याआधी नाही.

आता माझ्या भावाचे सांगतो. बेकरी सोडून तो ट्रकवर हमालीला लागला. एकोणीस वर्षांचा असताना तो एस. टी. स्टँडवर गाडीच्या पाट्या लोकांना विचारून विचारून ओळखू लागला होता. एक दिवस घरी येऊन मला म्हणाला, "भाईजान, साताऱ्याच्या आणि सांगलीच्या पाटीला सुरुवातीला एकच खूण आहे. सासवडला ती पण आहे, आणि पुढे तिच्यातला काना गेलेला अर्धा भाग पुन्हा आहे." कोणत्याही पुस्तकात न वाचता त्याने 'सा' आणि 'स' वेगळे केले होते. त्या रात्री मी परातीत पीठ पसरले आणि त्याला 'घ' काढून दाखविला. त्याने हात मागे घेतला. पाटीची कड लागलेली बोटे बारा वर्षांनीही ती जागा विसरली नव्हती. 'घ'ऐवजी आम्ही त्याच्या नावातल्या अक्षरापासून सुरुवात केली. वाचावयास त्यास वर्ष लागले. शाळेची दहा वर्षे ती गेलीच.

म्हणून घरी काय करता येईल ते सांगतो. खर्च काही नाही. परातीत मूठभर रवा किंवा बारीक वाळू पसरा. मुलाच्या स्वतःच्या नावातले अक्षर आधी घ्या. दोन बोटांनी त्याला ते काढू द्या, लिहिण्याच्या दिशेनेच, आणि काढताना नाव नव्हे तर आवाज म्हणा. मीम नव्हे, 'म्'. एका वेळी दोनच अक्षरे, आणि तीही एकमेकांसारखी न दिसणारी. बेबरोबर मीम घ्या, ते घेऊ नका. 'घ'बरोबर 'ल' घ्या, 'ध' नको. 'ध' पंधरा दिवसांनी येऊ द्या, 'घ' पक्का झाल्यावर. आधी तुम्ही सांगा, "हा म." मग विचारा, "म कोणता, दाखव." तो दाखवू लागला तरच तिसरा प्रश्न, "हा कोणता?" चुकला तर 'चूक' म्हणू नका, पहिल्या पायरीवर परत जा. दहा मिनिटे पुरेत, आणि मूल कंटाळायच्या आधी परात उचला.

कमळाचे चित्र असलेला तक्ता भिंतीवर जरूर लावा, पण अधूनमधून चित्रावर हात ठेवून अक्षर विचारा. कितीतरी मुले 'क' ओळखत नाहीत, कमळ ओळखतात. आणि मोबाईलवर अक्षरांचे खेळ आले आहेत, त्यांवरच विसंबू नका. फ्रान्समध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या दोन तुकड्या केल्या होत्या. एकीने अक्षरे हाताने लिहिली, दुसरीने कळ दाबून उमटविली. त्यांतल्या मोठ्या मुलांत, ज्यांनी हाताने लिहिली त्यांना ती अधिक ओळखता आली. पंतोजींना हे कळवावयास हवे होते.

आईला स्वतःला वाचता येत नसेल, तरी अडू नये. थोरल्या बहिणीला किंवा भावाला शेजारी बसवा. फ्रिस्किन आठच वर्षांचा होता. आई परात धरील आणि मुलगा काढील ते अक्षर तीही काढील. घरात दोघांचाही 'ओनामा' एकाच परातीत झाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

सात-आठ अक्षरे झाली की उरलेल्यांसाठी थांबू नका. म, न, र, क, ल, ब, स यांतून 'नमक', 'कमल', 'मन', 'सबक' होतात. ते करावयास लागा, आणि रवा संध्याकाळी चाळून पुन्हा डब्यात भरा.